दुकान आपले, दुखणेही आपलेच! स्वतःचा धंदा करणाऱ्यांनी आरोग्य विमा कसा निवडावा?

सरकारी नोकर आजारी पडला, तर तो रजेचा अर्ज पाठवतो. पगार सुरू राहतो आणि दवाखान्याच्या बिलाचीही बऱ्यापैकी भरपाई होते. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यातील, महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन घेणाऱ्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा योजनेचा आधार असतो. त्याच्यावर उपचार तर होतातच, शिवाय आजारपणात वेतनाचा काही भागही हातात पडतो. पण किराणा दुकानदार, शिंपी, गॅरेजवाला, रिक्षावाला, इलेक्ट्रिशियन, ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या ताई, घरगुती मसाले विकणाऱ्या मावशी यांचे काय? त्यांना रजा देणारा साहेब नाही आणि पगार देणारी कचेरीही नाही. दुकानाचे शटर खाली आले, की गल्लाही बंद होतो. म्हणजे आजारपण त्यांना दोन्हीकडून मारते. एकीकडे औषधपाण्याचा खर्च वाढतो आणि दुसरीकडे मिळकत थांबते.

मी हे तिऱ्हाइतासारखे लिहीत नाही. खासगी दवाखाना चालवणारा डॉक्टरही शेवटी दुकानदारच असतो. मी आठ दिवस अंथरुणाला खिळलो, तर माझाही गल्ला आठ दिवस रिकामा. त्यामुळे हा विषय माझ्या पेशंटइतकाच माझ्याही घरचा आहे.

आपल्याकडे सर्वसामान्य माणसाला स्वतःहून घेता येईल असा आरोग्य विमा १९८६ साली आला. सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी आणलेल्या त्या पॉलिसीचे नाव ‘मेडिक्लेम’. ते इतके रुळले, की आज कोणत्याही कंपनीची पॉलिसी असली तरी लोक तिला मेडिक्लेमच म्हणतात. आता कंपन्या पुष्कळ झाल्या, पॉलिसीची नावेही भारी भारी झाली. निवड मात्र अवघड होऊन बसली. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी घरातले कार्ड पाहा

विम्याच्या एजंटला फोन करण्याआधी आपल्या कपाटातली शिधापत्रिका काढा. महाराष्ट्रात २०१२ साली काही जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. पूर्वी ती पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांपुरती होती. २०२३ मध्ये शासनाने निर्णय घेऊन ती पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांसह सर्वांना खुली केली आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ठेवले. आमच्या पेठेतल्या कित्येक दुकानदारांना हे अजून माहीत नाही. ‘ते गरिबांसाठी असतं’ असे म्हणून ते विचारायलाही जात नाहीत.

घरात सत्तर वर्षांवरील आई-वडील असतील, तर आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, सामील करून घेतले आहे. त्यासाठी ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढावे लागते. आधार कार्ड घेऊन आपल्या जवळच्या सेवा केंद्रात जावे. या वयात खासगी विम्याचा हप्ता फार जड होतो, त्यामुळे हे कार्ड घरात असलेच पाहिजे.

मग खासगी विमा हवा कशाला? कारण सरकारी योजनेला दोन कुंपणे आहेत. उपचार ठरवून दिलेल्या यादीतला हवा आणि रुग्णालय योजनेत अंगीकृत हवे. मध्यरात्री छातीत दुखायला लागले आणि जवळचे इस्पितळ योजनेत नसेल, तर बिल आपल्याच खिशातून जाते. म्हणून दोन कामे आजच करा. १५५३८८ या क्रमांकावर फोन करून आपल्या तालुक्यात आणि जिल्ह्याच्या गावी कोणती रुग्णालये अंगीकृत आहेत ते विचारा, आणि ती नावे घरात कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. अशा रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. दाखल होताना आधी त्याला भेटावे.

किती रकमेचा विमा घ्यावा?

दोन लाखांची पॉलिसी घेऊन निश्चिंत राहण्याचे दिवस गेले. माझ्या पेशंटची अलीकडची बिले मी पाहतो, तेव्हा एका साध्या अँजिओप्लास्टीत दीड-दोन लाख सहज जातात, आणि अतिदक्षता विभागात आठ दिवस काढले तर त्याहून अधिक. माझे मत असे, की नवरा-बायको आणि दोन मुले अशा कुटुंबाने निदान पाच लाखांची पॉलिसी घ्यावी.

त्याहून मोठे संरक्षण हवे असेल तर ‘सुपर टॉप-अप’ नावाचा प्रकार तुलनेने स्वस्त पडतो. उदाहरण घेऊ. पाच लाखांची मूळ पॉलिसी आहे आणि पाच लाखांच्या वरचा खर्च देणारी दहा लाखांची सुपर टॉप-अप आहे. वर्षात एकदा चार लाख आणि पुन्हा तीन लाख खर्च झाला, तर एकूण सात लाखांपैकी पाच लाख मूळ पॉलिसी देईल आणि वरचे दोन लाख सुपर टॉप-अप. पण साधी ‘टॉप-अप’ घेतली असेल, तर ती प्रत्येक बिल वेगळे मोजते. चार लाख आणि तीन लाख ही दोन्ही बिले पाच लाखांच्या आत, म्हणून ती एक रुपयाही देणार नाही. नावात एका शब्दाचा फरक आहे आणि या उदाहरणात पैशात दोन लाखांचा.

संपूर्ण कुटुंबाची एकत्र पॉलिसी, जिला फ्लोटर म्हणतात, ती तरुण कुटुंबाला परवडते. पण तिचा हप्ता बहुधा घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. म्हणून आई-वडिलांना त्याच पॉलिसीत घालू नये, त्यांची वेगळी घ्यावी. पूर्वी ६५ वर्षांनंतर नवीन पॉलिसी मिळणे कठीण असे. विमा नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२४ पासून ही वयाची आडकाठी काढली आहे. तरी हप्ता वयाप्रमाणे वाढतोच.

कोणती कंपनी, कोणती पॉलिसी हे उमगत नसेल, तर तुलनेला एक सोपी फूटपट्टी सांगतो. एप्रिल २०२० पासून ‘आरोग्य संजीवनी’ या नावाची एक प्रमाणित पॉलिसी आली. तिच्या अटी सगळ्या कंपन्यांत सारख्या आणि हप्ता मात्र ज्याचा त्याचा. तिच्यात दाव्याच्या ५ टक्के रक्कम आपण सोसायची असते आणि खोलीभाड्यालाही मर्यादा आहे. ती सर्वांत उत्तम आहे असे नाही. पण तिच्या अटी समोर ठेवून दुसरी पॉलिसी वाचली, की जास्त काय मिळते आणि कमी काय मिळते ते चटकन कळते.

खोलीभाड्यातली गोम

विम्यात सर्वांत जास्त लोक जिथे फसतात, ती जागा म्हणजे खोलीचे भाडे. समजा, आपल्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रोज ४,००० रुपये आहे. आपण ६,००० रुपयांची खोली घेतली आणि पाच दिवस राहिलो. आपल्याला वाटते, दिवसाला दोन हजार म्हणजे दहा हजार आपण भरू, त्यात काय! पण हिशेब तसा होत नाही.

समजा बिल असे आहे : खोलीभाडे ३०,०००, शस्त्रक्रिया, ऑपरेशन थिएटर आणि डॉक्टरांची फी ९०,०००, औषधे व तपासण्या ६०,०००. एकूण १,८०,००० रुपये. कंपनी खोलीचे २०,००० देईल. डॉक्टरांची फी वगैरे खर्च खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलतो असे धरून, त्याचेही सहापैकी चार भागच देईल, म्हणजे ६०,०००. औषधे आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही, त्यांचे ६०,००० पूर्ण मिळतील. बेरीज झाली १,४०,०००. म्हणजे दहा हजार नव्हे, चाळीस हजार आपल्या माथी आले! वर पाच टक्के आपला वाटा अशी अट असेल, तर आणखी सात हजार.

तेव्हा शक्य असेल तर खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्यावी. मर्यादा असलेली असेल, तर दाखल होताना काउंटरवर ‘माझ्या विम्यात बसेल तीच खोली द्या’ असे स्पष्ट सांगावे. पाहुणे भेटायला येतील म्हणून मोठी खोली घेऊ नये.

थांबण्याचा काळ

आज पॉलिसी घेतली आणि उद्या ऑपरेशन करून घेतले, असे विम्यात चालत नाही. अपघात सोडला तर पहिले ३० दिवस कोणत्याच आजाराचे पैसे मिळत नाहीत. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, प्रोस्टेट, गर्भाशय काढणे, गुडघेबदल अशा ठरावीक गोष्टींना बहुतेक पॉलिसींत दोन ते तीन वर्षे थांबावे लागते. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षे. ही मुदत २०२४ पूर्वी चार वर्षांपर्यंत असे.

याचा अर्थ सरळ आहे. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. पस्तिशीत, अंगात काही नसताना घेतलेली पॉलिसी पन्नाशीत कामाला येते. आणि एकदा घेतली की खंड पडू देऊ नये. वार्षिक हप्त्याला मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते. पण त्या मधल्या दिवसांत कुणी आजारी पडले, तर संरक्षण नसते. सवलतीचे दिवसही उलटले, तर थांबण्याची वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजली जाऊ शकतात.

धंदेवाल्यांना इथे एक युक्ती सांगतो. पॉलिसी ज्या महिन्यात सुरू होते, त्याच महिन्यात दरवर्षी हप्ता येतो. तेव्हा ज्या महिन्यात हातात पैसा खेळतो, त्याच्या पुढच्या महिन्यात पॉलिसी सुरू करावी. कापडवाल्याने दिवाळीनंतर, मंडपवाल्याने लग्नसराईनंतर. ऐन पावसाळ्यात, धंदा मंद असताना हप्ता आला की ‘पुढच्या महिन्यात बघू’ होते आणि पॉलिसी बुडते.

फॉर्म खरा भरा

आता सर्वांत महत्त्वाचे. माझ्याकडे येणाऱ्या एका फॅब्रिकेशनवाल्याची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय पंचेचाळीसच्या आसपास, रक्तदाबाची गोळी काही वर्षांपासून चालू. ओळखीच्या एजंटाने पॉलिसी काढून दिली. फॉर्मवर ‘पूर्वीचा आजार’ या सगळ्या रकान्यांत ‘नाही’ लिहिले. ‘हो लिहिलं तर हप्ता वाढतो, कशाला लिहायचं?’ असे त्याने सांगितले. यांनी सही केली.

दुसऱ्याच वर्षी छातीत दुखले, जिल्ह्याच्या गावी अँजिओप्लास्टी झाली. दाखल करताना तिथल्या डॉक्टरांनी विचारले, बायकोने खरे ते सांगितले, आणि केसपेपरवर आले : ‘उच्च रक्तदाब चार वर्षांपासून, नियमित गोळी.’ विमा कंपनीने कागद पाहिले, दावा नाकारला आणि पॉलिसीही रद्द केली. बायकोचे दागिने गहाण ठेवून बिल भरले गेले.

त्यानंतर त्यांचे थोरले बंधू माझ्याकडे आले. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, बीपी गेल्याच वर्षी निघालं, एवढं फक्त लिहून द्या. घरचं माणूस समजून द्या.” मी म्हटले, “दादा, मी लिहून देऊ शकत नाही. माझ्या रजिस्टरात चार वर्षांच्या तारखा आहेत. खोटे लिहिले तर माझी नोंदणी जाईल, आणि तुमच्या भावावर फसवणुकीचा ठपका कायमचा बसेल.” ते रागावून गेले. त्यांचा राग मी समजू शकतो. अडीअडचणीला डॉक्टरनेच हात वर केले, असे त्यांना वाटले असणार.

कुणी म्हणेल, खरे लिहिले असते तरी थांबण्याच्या काळात दावा नाकारलाच गेला असता. कदाचित गेला असता. पण पॉलिसी जिवंत राहिली असती. वर्षभराने अपघात झाला असता, डेंग्यू झाला असता, बायकोचे ऑपरेशन निघाले असते, तर पैसे मिळाले असते. आणि तीन वर्षांनंतर हृदयाचेही. आता मात्र त्यांना हृदयरोगी म्हणून नवा विमा शोधायचा आहे.

याच्या उलट दुसरे उदाहरण. ब्लाउज शिवणाऱ्या एका ताईंनी २०१९ मध्ये पॉलिसी घेताना मधुमेह असल्याचे फॉर्मवर स्पष्ट लिहिले. हप्ता थोडा वाढला, तेव्हाच्या नियमाप्रमाणे चार वर्षे थांबावे लागले. शेजारणी हसल्या, ‘कशाला खरं बोलायला गेलीस!’ २०२४ मध्ये पायाच्या जखमेसाठी त्यांना अकरा दिवस दाखल व्हावे लागले. कंपनीने कागद मागितले, मी मधुमेहाच्या खऱ्या तारखा लिहून दिल्या, आणि दावा मंजूर झाला. पाय वाचला आणि शिलाई मशीनही विकावे लागले नाही.

नियमही खरे बोलणाऱ्याच्या बाजूने आहे. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिली, की त्यानंतर ‘तुम्ही अमुक माहिती दिली नव्हती’ या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. रक्तदाब, साखर, थायरॉइड, दमा, जुनी ऑपरेशने, तंबाखू, मिसरी, दारू, सारे लिहा. भरलेल्या फॉर्मची प्रत घरी ठेवा. हप्ता रोखीने एजंटाच्या हातात न देता कंपनीच्या नावे भरा. आणि पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत वाचून पाहा. पटली नाही तर त्या मुदतीत ती परत करता येते.

इस्पितळाची चौकशीही आधीच

आपण आजारी पडल्यावर कुठे जाणार, हे बहुधा ठरलेले असते. त्या इस्पितळाची रीतसर नोंदणी आहे का आणि आपल्या कंपनीची कॅशलेस सोय तिथे आहे का, हे पॉलिसी घेण्याआधी विचारा. नुसती मोठी यादी पाहून हुरळू नका. पुण्या-मुंबईची पाचशे नावे असतील आणि आपल्या जिल्ह्यातले एकही नसेल, तर त्या यादीचा आपल्याला काय उपयोग?

कॅशलेस नसेल तर आधी बिल भरून नंतर पैसे मागावे लागतात. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या आणि तपासण्यांचे रिपोर्ट, सगळे एका फाइलीत जपा. दाखल झाल्याचे कंपनीला ताबडतोब कळवा.

आणखी एक विनंती. ‘डॉक्टर, विमा आहे, दोन दिवस ॲडमिट करून सगळ्या तपासण्या करून घ्या’ असे कृपा करून म्हणू नका. केवळ तपासणीसाठी किंवा विश्रांतीसाठी दाखल झाल्यास विमा पैसे देत नाही.

बुडालेल्या मिळकतीचे काय?

आरोग्य विमा इस्पितळाचे बिल भरतो, दुकानाचे भाडे भरत नाही. नोकरदारांसाठी लिहिलेल्या सल्ल्यात ही गोष्ट सहसा नसते, कारण त्यांचा पगार चालू असतो. आपण मात्र तीन गोष्टी कराव्यात. एक, दोन-तीन महिन्यांचा घरखर्च भागेल एवढी रक्कम बँकेत वेगळी ठेवावी आणि मालाच्या खरेदीसाठी तिला हात लावू नये. दोन, उंचावर, विजेवर, यंत्रावर किंवा गाडीवर काम असेल, तर वैयक्तिक अपघात विमा घ्यावा, आणि हाड मोडून घरी बसावे लागले तर आठवड्याला ठरावीक रक्कम देणारे कलम त्यात आहे का ते पाहावे. तीन, बँकेतली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू करावी. वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाखांचे संरक्षण मिळते. १८ ते ७० वर्षांपर्यंत ती घेता येते.

एजंटाला विचारायचे प्रश्न

१. खोलीभाड्याला मर्यादा आहे का? किती?
२. प्रत्येक दाव्यात माझा वाटा किती टक्के?
३. माझ्या आजारासाठी किती वर्षे थांबायचे?
४. मोतीबिंदू वगैरेंना वेगळी मर्यादा आहे का?
५. माझ्या जिल्ह्यात कॅशलेस कुठे आहे?
६. माझे वय ५०, ६० झाल्यावर आजच्या दराने हप्ता किती?
७. दाखल होण्याआधीच्या आणि नंतरच्या किती दिवसांचा औषधखर्च मिळतो?

उत्तरे तोंडी घेऊ नका, पॉलिसीच्या कागदावर दाखवायला सांगा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के वस्तू व सेवा कर काढून टाकला आहे, हेही लक्षात असू द्या. जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्यांना हप्त्यावर सवलतही मिळते, मात्र हप्ता रोखीने भरलेला नसावा.

दावा अन्यायाने नाकारला असे वाटले, तर नशिबाला दोष देत बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही. नियामक प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५५२५५ आहे.

आणि शेवटी डॉक्टर म्हणून एवढेच. विमा आहे म्हणून रक्तदाबाची गोळी चुकवू नका, तंबाखू सोडण्याचे पुढे ढकलू नका. आपल्या तपासण्यांचे कागद तारखेप्रमाणे लावून एका पिशवीत ठेवा. इस्पितळात गेल्यावर डॉक्टरला तेच लागतात, आणि विमा कंपनीलाही.